नकाशा हवा, यंत्र नको : खंती आणि ग्राहकाची तक्रार



धम्मबंधू आणि भगिनींनो, या पाठाचा विषय खंती आहे. खंती म्हणजे सहनशीलता, क्षमाशीलता. दहा पारमितांची नावे घेताना हा शब्द आपण नेहमी उच्चारतो आणि पुढे जातो. त्यावर बोलायचे झाले की वक्ते मोठमोठी उदाहरणे देतात. पण आपल्यापैकी बहुतेकांची खंती मोठ्या प्रसंगात संपत नाही, ती फोनवर संपते. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य बाराव्यांदा ऐकताना संपते. म्हणून या वेळी मुद्दाम एक किरकोळ गोष्ट घेतली आहे: नकाशाचे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे आहे, पण कंपनी ते यंत्राशिवाय देत नाही, आणि ग्राहक सेवेतले कोणी ऐकून घेत नाही.

रेडमंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हा विषय जवळचा वाटेल. आपल्यातले पुष्कळजण सॉफ्टवेअरच्याच कामात आहेत. म्हणजे या व्यवहारात आपण दोन्ही बाजूंना असतो. दिवसा विकणारे, संध्याकाळी विकत घेणारे.

वस्तू कोणती होती

तरुण वाचकांना आठवत नसेल, पण मोबाइलवर फुकट नकाशा येण्याआधी नकाशा डब्यात मिळत असे. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये नेक्स्टबेस ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. ऑटोरूट हा कार्यक्रम तिचा. त्याच घराण्यातून पुढे अमेरिकेसाठी 'स्ट्रीट्स अँड ट्रिप्स' आणि व्यावसायिकांसाठी 'मॅपपॉइंट' आले. सीडी लॅपटॉपमध्ये घालायची, घरून निघण्याआधी रस्ता आखायचा, कागदावर छापून घ्यायचा. लांबच्या प्रवासाला निघालेली किती तरी कुटुंबे असे छापलेले कागद मांडीवर घेऊन गेली असतील.

अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाला आपली जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे कळत असे, त्यानंतर ती दहा-वीस मीटरच्या आत कळू लागली. साहजिकच रिसीव्हरला मागणी आली. 'स्ट्रीट्स अँड ट्रिप्स' मग दोन रूपांत मिळू लागले: एक नुसते सॉफ्टवेअर आणि दुसरे यूएसबीने जोडायच्या छोट्या जीपीएस रिसीव्हरसह. २०१४ मध्ये कंपनीने हा सगळा कुटुंबकबिलाच बंद करत असल्याचे जाहीर केले.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे. जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत तो घेतो. किमान चार उपग्रह 'दिसले' की आपली जागा काढतो आणि ती एका ठरलेल्या भाषेत संगणकाला कळवतो. या भाषेला एनएमईए ०१८३ म्हणतात. ती मूळची जहाजांवरच्या उपकरणांसाठी केलेली, साध्या अक्षरांची आहे: वेळ, अक्षांश, रेखांश, वेग. ही भाषा बोलणारा कोणताही रिसीव्हर ती समजणाऱ्या कोणत्याही नकाशाला चालतो. यंत्र आणि नकाशा यांचे लग्न निसर्गाने लावलेले नाही, विक्री विभागाने लावलेले असते.

आता एक काल्पनिक प्रसंग धरू. तुमच्याकडे चांगला रिसीव्हर आहे. तुम्हाला फक्त नकाशा हवा. दुकानात मात्र जोडीचाच डबा आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर 'नुसते सॉफ्टवेअर' असे लिहिलेले पान आहे, पण बटण दाबले की पुन्हा जोडीच्याच डब्याकडे नेते. तुम्ही फोन करता. पहिला माणूस तुमचे नाव, पत्ता, जुन्या खरेदीचा क्रमांक विचारतो आणि दुसरीकडे जोडून देतो. दुसरी बाई तेच पुन्हा विचारते. तिसरा सांगतो की हा प्रश्न विक्री विभागाचा. विक्री विभाग म्हणतो की हा तांत्रिक मदतीचा. तुमचा प्रश्न एका ओळीचा होता, 'नुसते सॉफ्टवेअर विकता की नाही?' त्याला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर कोणीच देत नाही. पाऊण तासाने फोन कटतो.

ही गोष्ट जुन्या डब्यांबरोबर संपली नाही. आज नवी मोटार घेताना नकाशाची सोय हवी असेल तर बऱ्याचदा मोठा पडदा, महागडे स्पीकर आणि काचेचे छत असलेले अख्खे पॅकेज घ्यावे लागते. डबा गेला, पद्धत राहिली.

लिंकिंग

या पद्धतीला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कधीच नाव दिले आहे: लिंकिंग. खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात युरिया किंवा डीएपी मागायला जावे तर दुकानदार सांगतो की त्याच्यासोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी नाही तर विद्राव्य खताचा डबा घ्यावा लागेल. शेतकऱ्याला तो नको असतो, पण पाऊस थांबत नाही. कृषी खाते लिंकिंग करू नका म्हणून बजावते, कारवाईचे इशारे देते. आणि दरवर्षी तीच तक्रार येते. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की दुकानदारांच्याही संघटना ओरडत असतात: कंपन्याच आमच्या गळ्यात नको तो माल बांधतात, मग आम्ही तो कोणाला विकायचा? म्हणजे काउंटरवरचा माणूस दाबणारा आहे आणि दाबलेलाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून तो बाजूला काढून ठेवा.

कायद्याने याला बांधील विक्री म्हणता येईल. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात कलम ३(४) मध्ये तिचा उल्लेख आहे. अमेरिकेत १८९० चा शर्मन कायदा आणि १९१४ चा क्लेटन कायदा तिच्याकडे पाहतात. आणि या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला आपल्या रेडमंडच्याच कंपनीवर झाला. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर बांधल्याबद्दल अमेरिकन सरकारने आणि काही राज्यांनी १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचले. खालच्या न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला होता. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. मक्तेदारी टिकवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा ठपका बहुतांशी कायम ठेवला, पण बांधील विक्रीचा मुद्दा मात्र नव्याने तपासायला सांगितले: सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी जोडणे म्हणजे सरसकट गुन्हा मानता येणार नाही, फायदा-तोटा पाहावा लागेल, असे ते मत होते. सरकारने मग तो मुद्दा सोडला आणि तडजोड झाली. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये विंडोज मीडिया प्लेअरच्या बाबतीत याहून कडक भूमिका घेतली, ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि प्लेअरशिवायची विंडोज विकायला लावली. ती फारशी कोणी घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून आपण उगाच बाह्या सरसावून 'हा माझा कायदेशीर हक्क आहे' असे म्हणू नये. बाजारात ताकद नसलेल्या विक्रेत्याने दोन वस्तू एकत्रच विकायच्या ठरवल्या तर बहुधा तो कायदा मोडत नसतो. नकाशा आणि रिसीव्हर एकत्र देण्यात नवख्या माणसाची सोयही असते. प्रश्न प्रामाणिकपणाचा असतो. नुसते सॉफ्टवेअर मिळते असे सांगून मिळू न देणे, वेगळी किंमत लपवणे, विचारणाऱ्याला दमवून जोडीचा डबा घ्यायला लावणे, ही लबाडी.

मज्झिम निकायातल्या महाचत्तारीसक सुत्तात भगवंतांनी मिथ्या आजीविकेची लक्षणे सांगितली आहेत. आपण सम्मा आजीव म्हटले की शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे पाच निषिद्ध व्यापार तेवढे आठवतो. ते अंगुत्तर निकायात आहेत आणि उपासकांसाठी आहेत. पण या सुत्तातली यादी सूक्ष्म आहे: ढोंग करणे, गोड बोलून गुंडाळणे, आडून सुचवणे, समोरच्याला कमी लेखणे आणि शेवटी लाभाच्या जोरावर आणखी लाभ ओढणे. हे सांगताना समोर भिक्खू होते. भिक्षेच्या बाबतीत हे होऊ नये, हा हेतू होता. तरीही ही पाच लक्षणे आजच्या विक्री विभागाच्या भिंतीवर लावली तर परकी वाटणार नाहीत. विशेषतः पाचवे.

वेदेहिका आणि काली

आता रागाकडे येऊ. मज्झिम निकायाच्या ककचूपम सुत्तात एक गोष्ट आहे. सावत्थीत वेदेहिका नावाची गृहिणी होती. शांत, नम्र, सौम्य अशी तिची ख्याती. तिच्या घरी काली नावाची दासी होती, कामात तरबेज. कालीच्या मनात आले: मालकीणबाई खरोखरच शांत आहेत, की माझे काम चोख असल्यामुळे त्यांना रागवायला कारणच मिळत नाही? पाहू तरी. ती एक दिवस उशिरा उठली. वेदेहिकेने कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी काली आणखी उशिरा उठली. वेदेहिका रागाने बोलली. तिसऱ्या दिवशी आणखी उशीर झाला तेव्हा वेदेहिकेने दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. काली रक्ताळलेल्या डोक्याने शेजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, पाहा, शांत बाईंची करणी.

भगवंतांनी ही गोष्ट मोलिय फग्गुन या भिक्खूच्या निमित्ताने सांगितली. तिचे तात्पर्य सगळे सांगतात: अप्रिय शब्द कानावर पडेपर्यंत कोणीही शांतच असतो. पण आपण बाबासाहेबांच्या अनुयायांनी ही गोष्ट कालीच्या बाजूनेही वाचायला हवी. तीन दिवसांच्या या परीक्षेत नापास झाली वेदेहिका, आणि डोके फुटले कालीचे. मालकिणीची फक्त अब्रू गेली. दासीला उशिरा उठण्याचाही अधिकार नव्हता. आणि घरातली सगळी शांतता तिच्या पहाटेच्या कष्टांवर उभी होती, हे त्या घरातल्या एकीलाच माहीत होते. परीक्षा घ्यावी हे सुचले तेही तिलाच.

फोनच्या त्या टोकाला काली बसलेली असते. ती पुण्यात असेल, हैदराबादेत असेल, मनिलात असेल. आपल्या शनिवारच्या सकाळी तिथे रात्र असते. तिला काय बोलायचे ते पडद्यावर लिहून दिलेले असते. एका कॉलला किती मिनिटे लागली याची नोंद होते, संभाषण ध्वनिमुद्रित होते, आणि शेवटी आपण किती तारे दिले यावर तिचा महिना जातो. नकाशा आणि यंत्र वेगळे करून विकण्याचा अधिकार तिला नाही. तो ज्याला आहे त्याचा फोन नंबर कोणत्याही पानावर छापलेला नसतो. लिंकिंग करणारा खत दुकानदार इथे आठवा. अडसर मात्र आपण तिच्याच डोक्यात घालतो, कारण हाताशी तीच असते.

आपल्या बाबतीत याला आणखी एक कडू बाजू आहे. महाराष्ट्रातल्या कॉल सेंटरांत, मदत केंद्रांत बसलेल्या मुलामुलींत आपल्याच वस्त्यांतून शिकून वर आलेली पहिली पिढी आहे. इंग्रजीचा उच्चार सुधारायला त्यांनी काय कष्ट घेतले ते आपल्याला माहीत आहे, कारण तेच कष्ट आपण घेतले. तरी फोनवर उच्चारावरून समोरचा भारतात बसला आहे हे ओळखताच आपला आवाज चढतो, हे मी स्वतःच्या कानांनी पुष्कळदा ऐकले आहे. अमेरिकन उच्चाराशी बोलताना तोच माणूस मवाळ असतो. याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

मसूर स्टेशन

इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. सहन करा, जुळवून घ्या, आवाज चढवू नका, हे आपल्या आजा-पणजांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. आता धम्मही तेच सांगणार असेल तर त्यात आणि जुन्या गुलामीत फरक काय?

या प्रश्नासाठी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमधला पहिला प्रसंग पाहू. साल १९०१. सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यात कोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. साताऱ्याहून भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे अशी मुले त्यांच्याकडे निघाली. चांगले कपडे घालून, आगगाडीने. मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र मिळालेले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

पैसे देऊन, तेही दुप्पट देऊन, सेवा न मिळणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणत्याही ग्राहक कायद्याच्या आधी कळलेले आहे. दारात ताटकळत ठेवले जाणे, 'इकडे नाही, तिकडे जा' असे ऐकणे, साध्या प्रश्नाचे उत्तर न मिळणे, हे आपल्या अंगात मुरलेले आहे. म्हणून पाऊण तास फोनवर लटकत असताना आपल्याला जे होते ते फक्त सॉफ्टवेअरपुरते नसते. खाली जुने काही तरी हलते. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण बाहेरून लागतो, दुसरा आपले मन त्यावर मारते. आपल्या बाबतीत दुसरा बाण बऱ्याचदा शंभर वर्षे जुना असतो. तो खोटा नसतो. पण तो ज्याने मारला तो फोनच्या त्या टोकाला नसतो. मसूरच्या गाडीवानाने नकार दिला तो जन्मामुळे. विक्रेत्याने नकार दिला तो नफ्यामुळे. दोन्ही एकाच तराजूत घातले तर पहिल्याचे वजन कमी होते, आणि ते आपल्याला परवडणारे नाही.

आता खंतीचा अर्थ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पारमितांचे अर्थ दिले आहेत. त्यात खंतीचे सार त्यांनी द्वेषाला द्वेषाने उत्तर न देण्यात पाहिले आहे. अन्याय चालू द्यावा, असा अर्थ तिथे कुठेही नाही. आणि त्याच यादीत विरियही आहे, म्हणजे हाती घेतलेले काम मागे न वळता पूर्ण शक्तीने करणे. अधिट्ठानही आहे, ध्येय गाठण्याचा पक्का निर्धार. खंतीला या दोघांपासून तोडून एकटी शिकवली की ती लाचारी होते. तिघी एकत्र कशा चालतात हे पाहायचे तर महाडचे साल-सनावळीसह वाचन करावे. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. प्रत्यक्षात पाणी घेतले ते २० मार्च १९२७ ला. त्याच डिसेंबरात विरोधकांनी दावा लावला. दुसऱ्या सत्याग्रहाला हजारो लोक जमलेले असताना न्यायालयाचा मनाई हुकूम पाळून बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे थांबवले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे. जमावाने मारहाण केली तरी उलट हल्ला नाही, आणि दावा एका दिवसासाठी सोडलाही नाही.

चवदार तळ्यापुढे नकाशाचा डबा काहीच नाही, हे सांगायला नको. पण रीत तीच वापरता येते.

तक्रार कशी करावी

अंगुत्तर निकायातल्या वाचा सुत्तात चांगल्या वाणीची पाच अंगे दिली आहेत: वेळेवर बोललेली, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीपूर्ण चित्ताने बोललेली. ककचूपम सुत्तातही हीच पाच अंगे आहेत, तिथे ती दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेताना लावली आहेत. तक्रारीचे पत्र लिहायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

खरे म्हणजे नेमके. 'तुमची सेवा भिकार आहे' यात तपासण्यासारखे काहीच नाही. अमुक तारखेला, अमुक वाजता, या पानावर नुसत्या सॉफ्टवेअरची ही किंमत लिहिलेली होती, बटण दाबल्यावर हे दिसले, तीन जणांशी बोललो, हे तिकीट क्रमांक, पानाचे चित्र सोबत. हिताचे म्हणजे मागणी एकच आणि करता येण्यासारखी: या किमतीला सॉफ्टवेअर द्या किंवा देत नाही असे लेखी कळवा. 'नाही' हेही उत्तर आहे, आणि ते मागण्यात कमीपणा नाही. वेळेवर म्हणजे राग असताना नाही, पण मुदत उलटल्यावरही नाही. क्रेडिट कार्डवर चुकीची रक्कम लागली असेल तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याप्रमाणे बिल निघाल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवावे लागते. पुष्कळजण फोनवर भांडत बसतात आणि हे साठ दिवस घालवतात. मृदू आणि मैत्रीपूर्ण यांचा अर्थ गुळमुळीत असा घेऊ नये. फोनवरच्या व्यक्तीला पहिल्याच वाक्यात सांगावे, 'हा नियम तुम्ही केलेला नाही हे मला ठाऊक आहे, माझी तक्रार नोंदवून वरच्याकडे पाठवा.' एवढ्याने तिचा आवाज बदललेला ऐकू येतो.

वर कोणी ऐकले नाही तर वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे ग्राहक तक्रार दाखल करता येते. ते कार्यालय कंपनीला पत्र पाठवून उत्तर मागते. राज्याचा ग्राहक संरक्षण कायदा १९६१ चा आहे. पैशाचा वाद १०,००० डॉलरपर्यंत असेल तर स्मॉल क्लेम्स न्यायालय आहे, तिथे साधारणपणे वकील चालत नाहीत. किंग काउंटी जिल्हा न्यायालयाची एक शाखा रेडमंडमध्येच आहे. खरेदी करारात लवादाची अट असते, ती आधी वाचा. पुष्कळ करारांत लवाद लावूनही स्मॉल क्लेम्सची वाट मोकळी ठेवलेली असते. आणखी एक माहिती असावी: वॉरंटी हवी असेल तर अमुकच ब्रँडचा सुटा भाग वापरा, अशी अट घालायला १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने साधारणपणे मनाई आहे. फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना याबद्दल इशाऱ्याची पत्रे पाठवली होती. 'आमचाच रिसीव्हर लावला नाही तर वॉरंटी रद्द' असे कोणी म्हटले तर हा कायदा नावाने सांगावा.

आपण विकणारे असतो तेव्हा

हे थोडक्यात सांगतो, कारण ज्यांच्यासाठी आहे त्यांना लगेच कळेल. खरेदीच्या पानावर कोणता पर्याय दिसावा आणि कोणता तीन पानांआड जावा, हे कोणी तरी ठरवते. त्या बैठकीत आपल्यातले कोणी तरी बसलेले असते. आपण एकट्याने कंपनीचे धोरण बदलू शकत नाही, पण 'वेगळी किंमत पानावर दाखवूया', 'मदत केंद्रातल्या लोकांना परतावा देण्याचा थोडा अधिकार देऊया', 'एकदा दिलेली माहिती पुढच्या माणसाला आपोआप दिसू द्या' एवढे बोलू शकतो. बोललेले बैठकीच्या नोंदीत आले की ते राहते. आणि जे स्वतः मदत केंद्रात आहेत त्यांनी अक्कोस सुत्त वाचावे. शिव्या देणाऱ्या ब्राह्मणाला भगवंत विचारतात, पाहुण्यांसाठी केलेले जेवण पाहुण्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे राहते? त्याचे उत्तर ब्राह्मणालाच द्यावे लागते.

नकाशा कोणाचा

नुसता नकाशा हवा असणाऱ्यासाठी आज वेगळी वाट आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. लोक आपापल्या भागातले रस्ते, शाळा, विहिरी त्यात स्वतः भरतात, आणि तो कोणीही वापरावा. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली बिंगची हवाई छायाचित्रे त्यावरून रेघा काढायला या लोकांना खुली करून दिली. टीका करताना हेही सांगितले पाहिजे. ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमअँड यांसारखी ॲप्स हाच नकाशा फोनवर उतरवून इंटरनेटशिवाय दाखवतात. डबा नाही, जोडी नाही, आणि ग्राहक सेवेचा फोनही नाही. काही चुकले असेल तर आपणच दुरुस्त करायचे.

आपल्या गावांच्या दृष्टीने याचा वेगळा उपयोग आहे. तयार नकाशांत गावाचा चौक असतो, देऊळ असते, पण गावकुसाबाहेरची आपली वस्ती पुष्कळदा नुसती कोरी जागा असते किंवा जुन्या जातिवाचक नावाने असते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. ज्या ग्रामपंचायतीने तसा ठराव केला आहे तिथले नवे नाव नकाशात घालायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, फक्त ठराव खरोखर झाला आहे ना, हे गावी फोन करून विचारून घ्या. रेडमंडमध्ये बसून आपल्या गावचे विहार, बाबासाहेबांचा पुतळा, समाजमंदिर, वाचनालय यांच्या खुणा करता येतात. नाव देवनागरीत लिहिण्याची सोय आहे. विहाराच्या जागी नुसता इमारतीचा चौकोन दिसत असेल तर त्याला प्रार्थनास्थळ, धर्म बौद्ध अशी नोंद जोडायची. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो, नंतर पाच मिनिटे.

भवतु सब्ब मंगलं.